मिंत्राच्या वेबसाइटवर कपडा लगेच सापडतो, माप मात्र शोधावं लागतं

कपड्यांच्या वेबसाइटची खरी परीक्षा एकाच प्रश्नावर होते: हा कपडा मला बसेल का? दुकानात हा प्रश्न ट्रायल रूममध्ये दोन मिनिटांत सुटतो. वेबसाइटवर तोच प्रश्न फोटो, आकडे आणि अनोळखी लोकांचे अभिप्राय यांच्या जोरावर सोडवावा लागतो. शोध छान चालला, पैसे बिनबोभाट भरले गेले, पार्सल वेळेत आलं आणि कुर्ता मुंढ्यात, म्हणजे बाहीच्या जोडाशी, घट्ट निघाला, तर आधीच्या सगळ्या सोयी वाया गेल्या. मिंत्राची वेबसाइट या कसोटीवर घासून पाहिली, तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. हजारो कपड्यांतून हवा तो कपडा समोर आणण्यात ही साइट तरबेज आहे. तो बसेल की नाही हे सांगणारी माहितीही तिच्याकडे आहे, पण ती पानावर पाच ठिकाणी विखुरलेली आहे.

हे परीक्षण संगणकावरच्या वेबसाइटचं आहे, अ‍ॅपचं नाही. बंगळुरूची ही कंपनी २००७ साली सुरू झाली तेव्हा हव्या त्या मजकुराने सजवलेल्या भेटवस्तू विकायची. पुढे ती कपड्यांकडे वळली आणि २०१४ मध्ये फ्लिपकार्टने ती विकत घेतली. मे २०१५ मध्ये मिंत्राने वेबसाइट बंद केली आणि फक्त अ‍ॅपवर दुकान चालवलं. जून २०१६ मध्ये संगणकावरची वेबसाइट परत आणावी लागली. ती परत आली हे चांगलंच झालं. साडीचा काठ, चेक्सच्या शर्टाची शिलाईवरची जुळणी, जरीची वीण या गोष्टी सहा इंचांच्या काचेवर दिसत नाहीत. १५ इंची स्क्रीनवर दोन फोटो शेजारी शेजारी बघता येतात आणि कापड निवडताना त्याने फार फरक पडतो.

शोध आणि फिल्टर

एक साधं काम डोळ्यासमोर ठेवू: बायकांचा सुती कुर्ता, पाऊण बाही, एक्सएल माप, किंमत १५०० रुपयांच्या आत. वरच्या पट्टीत महिलांच्या विभागावर कर्सर नेला की मोठा मेनू उघडतो, त्यात भारतीय पोशाखांच्या रकान्यात कुर्त्यांचा दुवा असतो. कर्सर आधी सरळ खाली न्यायचा, मग आडवा. तिरका नेला तर वाटेतल्या दुसऱ्या विभागाचा मेनू उघडतो. माऊसवर हात न बसलेल्यांची इथेच पहिल्यांदा चिडचिड होते. त्यापेक्षा शोधपट्टीत इंग्रजीत 'कॉटन कुर्ता' टाइप करून सुरुवात करणं सोपं.

यादीच्या पानावर डाव्या हाताला फिल्टर उभे लावलेले आहेत: प्रकार, ब्रँड, किंमत, रंग, सवलत. ब्रँड आणि रंगांपुढे किती नग मिळतील तो आकडा कंसात असतो. ही छोटी गोष्ट वाटते, पण तिचा उपयोग मोठा आहे. खूण करण्याआधीच कळतं की पुढे ४०० कपडे आहेत की ४. रिकाम्या पानावर जाऊन मागे फिरण्याची वेळ येत नाही. ब्रँडच्या यादीत नाव शोधायची सोय आहे, लावलेले फिल्टर यादीच्या वर छोट्या चौकटींत दिसतात आणि फुली मारली की एकेक काढता येतात. हे सगळं इतर साइट्सनी शिकण्यासारखं काम आहे.

खटकणारी गोष्ट अशी की माप, कापड, बाही, लांबी हे फिल्टर डावीकडे नाहीत. ते यादीच्या वर एका आडव्या पट्टीत मिटून ठेवलेले आहेत. काही तर त्या पट्टीच्या टोकाला 'आणखी' वर क्लिक केल्याशिवाय दिसतच नाहीत. सवलतीचे टक्के मात्र डावीकडे कायम उघडे असतात. नवा माणूस डावीकडची यादी संपली की फिल्टर संपले असं समजतो आणि माप न लावताच पन्नास कुर्ते बघत बसतो. आवडलेला कुर्ता उघडल्यावर कळतं की एक्सएल संपलंय. म्हणून क्रम उलटा ठेवायचा: आधी वरच्या पट्टीतून माप, मग कापड, मग बाही, आणि रंग-किंमत शेवटी.

मापाची खूण करताना आणखी एक खाच आहे. काही ब्रँड शर्टावर एल, एक्सएल लिहितात, काही थेट ४०, ४२ लिहितात. फक्त एक्सएलवर खूण केली तर ४२ लिहिलेले शर्ट यादीतून गळतात, आणि ते अंगाला अगदी बरोबर बसणारे असू शकतात. दोन्हींवर खूण करावी.

किंमतीसाठी दोन टोकांची सरकपट्टी आहे. माऊसने नेमकं १५०० वर थांबवणं कठीण जातं, आकडा टाइप करायची जागा नाही. पट्टी थोडी पुढे ठेवावी आणि किंमत कमीकडून जास्तीकडे अशी क्रमवारी लावावी. एवढ्याशा आकड्यासाठी एवढा खटाटोप का, हा प्रश्न रास्त आहे. १५०० हे बजेट ठरवून आलेल्या माणसाला टाइप करायला एक चौकट दिली असती तर काम झालं असतं.

लावलेले सगळे फिल्टर पानाच्या वेब पत्त्यात जमा होतात. म्हणजे तो पत्ता कॉपी करून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला, तर बहिणीला तीच गाळलेली यादी दिसते. लग्नसराईत चार घरांत मिळून खरेदी चालते तेव्हा याचा फार उपयोग होतो, आणि बऱ्याच छोट्या दुकानांच्या साइटवर हे जमलेलं नसतं.

यादी पानापानांनी लावलेली आहे, खाली पानांचे आकडे आहेत. न संपणाऱ्या स्क्रोलपेक्षा हे बरं, कारण तिसऱ्या पानावरचा कुर्ता उद्या पुन्हा शोधता येतो. कपड्यावर क्लिक केलं की तो नव्या टॅबमध्ये उघडतो, यादीतली आपली जागा सुटत नाही. दोन कपडे शेजारी मांडून मापं आणि कापड यांची तुलना करायची सोय मात्र नाही. टॅब बदलत बदलत आकडे लक्षात ठेवावे लागतात. कागद-पेन्सिल घेऊन बसणं हाच उपाय.

यादीतल्या फोटोवर कर्सर ठेवला की फोटो आपोआप बदलू लागतात आणि उपलब्ध मापं खाली दिसतात. मापं दिसणं उपयोगाचं आहे, पण ती कर्सरवर अवलंबून आहेत. स्पर्शाने चालणाऱ्या लॅपटॉपवर बोटाला 'वर ठेवणं' जमत नाही, थेट क्लिक होतं. फक्त कीबोर्डने साइट वापरणाऱ्यांचीही तीच अडचण. मापं कायम दिसत राहिली असती तर निम्मे टॅब उघडावेच लागले नसते.

माप: पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं काम

आता कपड्याचं पान. डावीकडे फोटो दोन रांगांत, उजवीकडे ब्रँड, नाव, किंमत, मापांची गोल बटणं आणि बॅगेत टाकायचं बटण. मांडणी स्वच्छ आहे. संपलेल्या मापावर तिरकी रेघ असते, थोडेच नग उरले असतील तर मापाखाली तो आकडा दिसतो. माप न निवडता बॅगेचं बटण दाबलं तर साइट आधी माप निवडायला लावते. इथवर उत्तम.

'हे मला बसेल का' याचं उत्तर हवं असेल, तर वाचणाऱ्याला अशी फेरी मारावी लागते: मापांच्या शेजारचा साइज चार्टचा दुवा, खाली स्क्रोल करून 'साइज आणि फिट' हा मजकूर, तिथेच मॉडेलची उंची आणि तिने घातलेलं माप, त्याखाली कापडाची आणि धुण्याची माहिती, मग तपशिलाचा तक्ता, आणि सगळ्यात शेवटी गिऱ्हाइकांचे अभिप्राय व त्यांनी टाकलेले फोटो. प्रत्येक तुकडा कामाचा आहे. ते एकत्र जोडायचं काम मात्र गिऱ्हाइकावर सोडलंय.

साइज चार्ट उघडल्यावर आधी एक गोष्ट बघायची: दिलेलं माप अंगाचं आहे की कपड्याचं? ऑनलाइन कपडे परत जाण्यात या एका गोंधळाचा वाटा मोठा असतो. अंगाची छाती ३८ इंच असेल, तर न ताणल्या जाणाऱ्या सुती कुर्त्याची शिवलेली छाती ४१ ते ४२ इंच हवी. तीन-चार इंच सूट नसेल तर हात वर केल्यावर कुर्ता ओढला जातो. चार्टमध्ये '३८' हे अंगाचं माप म्हणून लिहिलं असेल तर ३८ घ्यायचं. तेच '३८' कपड्याचं माप असेल आणि ते घेतलं, तर बटणंही लागणार नाहीत. चार्टवर हा फरक लिहिलेला असतो, पण लहान अक्षरांत, आणि ब्रँड बदलला की पद्धतही बदलते.

यावर शिंपी जे करतो तेच करावं. अंगावर नेमका बसणारा जुना कुर्ता घ्यायचा, पलंगावर सपाट पसरायचा, सुरकुत्या हाताने काढायच्या. काखेच्या एका शिलाईपासून दुसऱ्या शिलाईपर्यंत टेप लावायची. २१ इंच आले तर कपड्याची छाती ४२. खांदा एका बाहीच्या जोडापासून दुसऱ्या बाहीच्या जोडापर्यंत मोजायचा. उंची गळ्याजवळच्या खांद्याच्या सगळ्यात उंच टोकापासून घेरापर्यंत. आणि मुंढा, म्हणजे बाही जिथे अंगाला जोडली जाते तो गोल, तोही मोजून ठेवायचा, जरी चार्टमध्ये तो सहसा नसतो. भरलेल्या दंडाच्या बायकांना कुर्ता छातीत बसतो आणि मुंढ्यात अडतो, त्याचं कारण हेच. हे चार आकडे फोनमध्ये लिहून ठेवले की चार्टवरच्या कपड्याच्या मापांशी थेट ताडून बघता येतात. चार्ट सेंटिमीटरमध्ये असेल तर इंचांना २.५४ ने गुणायचं: ४२ इंच म्हणजे जवळपास १०७ सेंटिमीटर.

मधलं माप आलं, ४१ म्हणा, तर मोठं घ्यावं. तयार कपड्यात आत माया, म्हणजे शिलाईपलीकडचं जादा कापड, फार थोडी सोडलेली असते, शिलाई उसवून अर्धा इंचही मिळेलच असं नाही. मोठा कपडा गल्लीतला शिंपी बाजूने दाबून देऊ शकतो. लहान कपड्याला इलाज नाही. सुती कापड असेल आणि 'आधी धुऊन आटवलेलं' असा उल्लेख नसेल, तर पहिल्या धुण्यात थोडं आकसेल हेही धरून चालावं.

मॉडेलची माहिती बहुतेक लोक वाचून सोडून देतात, पण ती फार कामाची आहे. समजा लिहिलंय की मॉडेलची उंची ५ फूट ८ इंच आणि कुर्त्याची लांबी ४६ इंच. माणसाची खांद्यापर्यंतची उंची एकूण उंचीच्या साधारण ८२ टक्के असते. म्हणजे मॉडेलचा खांदा जमिनीपासून ५६ इंचांवर, आणि कुर्ता जमिनीपासून १० इंचांवर संपतो. फोटोत तो पोटरीवर छान दिसतो. तोच कुर्ता ५ फूट १ इंच उंचीच्या बाईने घातला, तर तिचा खांदा ५० इंचांवर, कुर्ता जमिनीपासून फक्त ४ इंचांवर येतो. घोट्याशी लोळणारा झगाच तो. तिने ४० ते ४१ इंच लांबीचा कुर्ता शोधायला हवा. हा हिशोब वेबसाइट स्वतः करू शकते. उंची एकदा विचारली, तर 'तुमच्यावर हा कुर्ता कुठे येईल' हे फोटोवर रेघ मारून दाखवता येईल. मॉडेलची उंची आणि कपड्याची लांबी हे आकडे पानावर आहेत. राहिलंय ते फक्त गिऱ्हाइकाच्या उंचीशी जोडायचं.

भारतीय शरीराची मापं हा मुळातच अर्धवट राहिलेला विषय आहे. बरेच ब्रँड परदेशी तक्त्यांवरून मापं ठरवत आले. निफ्ट या फॅशन संस्थेने भारतीय मापांचा तक्ता तयार करण्यासाठी 'इंडिया साइझ' हा सर्वेक्षण प्रकल्प हाती घेतला. त्यात मुंबईसह सहा शहरांत २५ हजारांहून अधिक लोकांना मोजण्याचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. सगळे ब्रँड एका तक्त्यावर येईपर्यंत एका ब्रँडचं एल आणि दुसऱ्याचं एक्सएल सारखंच निघणार. तोवर अक्षरं सोडून इंच बघणं हेच सुरक्षित.

अभिप्राय वाचताना ४.२ किंवा ३.९ या सरासरीत अडकू नये. ती सगळ्या मापांची आणि सगळ्या तक्रारींची मिसळ असते, त्यात पार्सल उशिरा आल्याचा रागही असतो. दोन आणि तीन तारे देणाऱ्यांचे शब्द वाचावेत, कारण हे लोक कारण सांगतात: कापड पातळ, अस्तर नाही, रंग फिका, छातीत घट्ट. रंगासाठी तर गिऱ्हाइकांनी घरच्या उजेडात काढलेले फोटोच पाहावेत. स्टुडिओच्या दिव्यांखाली मोरपिशी रंग निळा दिसतो आणि मोहरीचा रंग हळदीसारखा.

साडीचं पान

साडीला माप नाही असं वाटतं, पण आहे. 'साइज आणि फिट' या मजकुरात लांबी, ब्लाउजपीस आणि पन्हा, म्हणजे साडीची रुंदी, दिलेला असतो. सहसा साडी ५.५ मीटर, वर ०.८ मीटर ब्लाउजपीस, पन्हा १.०६ मीटरच्या आसपास. उंच बाईला पन्हा कमी पडतो आणि नेसल्यावर घोटे दिसतात, म्हणून हा आकडा बघायचाच. एकूण ६.३ मीटर लिहिलं असेल तर ब्लाउजपीस कापल्यावर नेसायला किती उरतं तेही मोजायचं. नऊवारीला आठ मीटरच्या वर कापड लागतं. शिवलेली नऊवारी हवी असेल तर ती साडी म्हणून बघता कामा नये, तिला कमर आणि उंचीची मापं लागतात.

पैठणी असा शोध घेतला की रेशमाच्या साड्यांबरोबर आर्ट सिल्क आणि पॉली सिल्कच्या साड्याही येतात. आर्ट सिल्क म्हणजे कृत्रिम रेशीम, त्याचा कलेशी संबंध नाही. पॉली सिल्क म्हणजे रेशमासारखं दिसणारं पॉलिएस्टर. नावात पैठणी, काठावर मोर आणि कापडाच्या रकान्यात पॉली सिल्क, अशी साडी पैठणीच्या नक्षीची असते, येवला-पैठणच्या हातमागाची नसते. दोन्ही घेणाऱ्यांची गरज वेगळी आहे आणि दोन्ही गरजा खऱ्या आहेत. मात्र कापडाचं नाव यादीतल्या फोटोखालीच दिसायला हवं, आत तपशिलाच्या तक्त्यात जाऊन शोधायला लागता कामा नये. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, त्या नावाला काहीएक मान आहे. साइटवर कापडाचा फिल्टर आहे. साडी घेताना पहिली खूण तिथे करायची.

किंमत, बॅग आणि पैसे

पानावर विक्रीची किंमत ठळक, छापील किंमत खोडलेली आणि सवलतीचे टक्के नारिंगी रंगात. नजर आधी टक्क्यांवर जाते, आणि मांडणीचा हेतूही तोच. खोडलेली छापील किंमत उत्पादक ठरवतो, त्यामुळे ७० टक्के सवलत हा कापडाच्या दर्जाचा पुरावा होत नाही. सवलतीचा फिल्टर सोडून किंमतीचा लावावा. खाली कूपन धरून होणारी सगळ्यात कमी किंमत सांगितलेली असते. ती ठराविक रकमेच्या खरेदीवरच लागू असेल, तर ती अट वाचूनच हिशोब करावा.

बॅगेच्या पानावर वरच तीन पायऱ्या दिसतात: बॅग, पत्ता, पैसे. आपण कुठे आहोत आणि किती उरलंय हे कायम समोर असतं, ही मांडणी आदर्श म्हणावी अशी. उजवीकडे छापील बेरीज, सवलत, कूपन आणि प्लॅटफॉर्म फी (साइट वापरण्याचं शुल्क) असा ओळीओळीने हिशोब आहे. पण ही फी पहिल्यांदा भेटते ती इथे, कपड्याच्या पानावर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या मांडणीचे १३ प्रकार सांगणारी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. किंमत थेंबाथेंबाने उघड करणं, न मागितलेली वस्तू बॅगेत सरकवणं, खोटी घाई लावणं हे त्यात आहे. हिशोब स्पष्ट दाखवला जातो हे मान्य, पण किंमत आणि फी एकत्र कपड्याच्या पानावरच दिसली पाहिजे, असं आमचं ठाम मत आहे. ९९९ ची मर्यादा ठरवून आलेल्या माणसाला शेवटच्या पानावर ती मोडलेली दिसू नये. याच पानावर सामाजिक कामासाठी देणगीची चौकटही असते. पुढे जाण्याआधी तिच्यावर एक नजर टाकावी.

पाहुणा म्हणून खरेदी करता येत नाही, मोबाइल क्रमांक आणि ओटीपी लागतोच. क्रमांकाच्या चौकटीत आधीच +९१ लिहिलेलं आहे. न्यू जर्सीत किंवा दुबईत राहणाऱ्या मुलाला नाशिकच्या आईसाठी दिवाळीची साडी पाठवायची असेल आणि त्याच्याकडे भारतीय क्रमांक नसेल, तर तो इथेच अडतो. आईच्या क्रमांकाने खातं उघडायचं आणि ओटीपी फोनवर विचारून घ्यायचा, एवढाच मार्ग उरतो. मग भेट अचानक द्यायचा आनंद राहत नाही. घरच्या माणसाखेरीज कुणालाही ओटीपी सांगायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

पिनकोड मात्र कपड्याच्या पानावरच टाकावा, पैसे भरताना नाही. मापांच्या खाली त्याची चौकट आहे. पुण्याचा ४११००१ आणि सावंतवाडीचा ४१६५१० टाकून बघितले, की एकाच कपड्याची पोचण्याची तारीख वेगळी येऊ शकते, आणि घरपोच रोख पैसे देण्याची सोय आहे का तेही तिथेच कळतं. लग्न दहा दिवसांवर असताना हे आधी बघायचं.

यूपीआयने पैसे भरताना खात्यातून रक्कम गेली आणि साइटवर ऑर्डर दिसली नाही, तर घाईने दुसऱ्यांदा भरू नये. आधी ऑर्डरच्या पानावर बघावं, मग बँकेच्या नोंदीत. दुकानदाराला दिलेली यूपीआय रक्कम अडकली तर ती व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी, आणि त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायला हवी, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. पैसे अडकल्याच्या पानावर हे दोन ओळींत लिहिलं तर किती लोकांची धास्ती कमी होईल.

वाचता येणं

रंगसंगती देखणी आहे, पण फिकट अक्षरं पांढऱ्यावर बुडतात. वेबसाइट सगळ्यांना वाचता याव्यात यासाठीच्या जागतिक निकषांत साध्या अक्षरांचा पार्श्वभूमीशी उठाव किमान ४.५ ला १ हवा असं सांगितलंय. भारतीय मानक आयएस १७८०२ हेही याच विषयाचं. फिकट राखाडी टिपा आणि सवलतीचा नारिंगी आकडा या निकषाला पोचत नाहीत. नारिंगी तर ३ ला १ च्याही आत राहतो. पन्नाशी ओलांडलेल्या डोळ्यांना हे लगेच जाणवतं. कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबून पान १२५ टक्क्यांवर न्यावं, आकडे वाचता येतात. सगळा मजकूर इंग्रजीत आहे ही आणखी एक भिंत. अ‍ॅमेझॉनने २०२१ मध्ये आपलं दुकान मराठीत आणलं. कपड्यांच्या दुकानात तर छाती, कमर, घेर, बाही एवढे चार शब्द मराठीत आले तरी साइज चार्ट आजीलाही वाचता येईल.

परत करणं

कपडा परत घेण्याची मुदत आणि अट प्रत्येक कपड्याच्या पानावर लिहिलेली असते आणि ती सगळ्यांची सारखी नसते. अंतर्वस्त्रांसारखे काही प्रकार परत घेतले जात नाहीत. खरेदीआधी ती ओळ वाचायची. परत करताना प्रोफाइलमधून ऑर्डर उघडायची, कपडा निवडायचा, परत की बदली ते ठरवायचं, कारण निवडायचं, कुठून उचलायचा तो पत्ता आणि पैसे कुठे परत हवेत ते नक्की करायचं. पायऱ्या सरळ आहेत, कुठे कोंडी होत नाही. बदलीत फक्त माप बदलायचं असेल तर ते माप शिल्लक असताना लगेच मागणी नोंदवावी, चार दिवस थांबलं तर ते संपलेलं असतं. लेबल कापायचं नाही, पिशवी फाडायची नाही, आणि उचलायला माणूस येण्याआधी कपड्याचा, लेबलाचा आणि बारकोडचा एकेक फोटो काढून ठेवायचा.

कारण निवडताना 'आवडलं नाही' वर क्लिक करून मोकळं होऊ नये. 'छातीत लहान', 'लांबी जास्त' असं नेमकं कारण यादीत असेल तर तेच द्यावं. माप चुकल्याची माहिती दुकानाला मिळायची ही सगळ्यात थेट जागा. ऑनलाइन दुकानांच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर असावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हावं लागतं. पैसे परत यायला उशीर झाला, तर ग्राहक सेवेच्या चॅटवर तासभर घालवण्यापेक्षा ऑर्डर क्रमांक, कपडा उचलल्याची तारीख आणि ते तीन फोटो जोडून त्या अधिकाऱ्याला लेखी कळवावं.